दर रविवारी चर्च, दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा देणं), उपास सगळं पाळलं तर तारण, म्हणजे पापातून सुटका, पक्कं का?

त्या हिशेबाने तरी नाही. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (2:8-9) प्रेषित पौल सरळ सांगतो की तारण कृपेने, विश्वासाद्वारे मिळतं, कर्मांनी नाही. आपल्याकडे खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवरचा शेतगडी, ठरतो, वर्षभराचं काम आणि त्याचा दाम. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 15) येशूने सांगितलेल्या गोष्टीतला धाकटा मुलगा बापाचं सगळं उधळून परतताना तेच घोकत येतो: मला मोलकऱ्यासारखं ठेवा. पण ते वाक्य तोंडातून निघायच्या आत बाप झगा, अंगठी, जोडे मागवून मोकळा! घरीच राबलेला थोरला मात्र रुसून बाहेर उभा. (माझ्या मते चर्चमध्ये आपण थोरलेच जास्त.) आता कर्मं सोडायची का? अजिबात नाही, कृतीविना विश्वास निर्जीव, हे बायबलमध्येच याकोबाच्या पत्रात (2:17) आहेच. दशमांश चालू ठेवा, फक्त त्याच्या बदल्यात तारण मागू नका.