फोनवरचा इंटरव्ह्यू झाला, आता मोबाइलकडे बघत बसू नकोस

अगं, पुण्याच्या कंपनीचा फोन काल झाला आणि आजच तू जीव टांगणीला लावून बसलीस. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून मधली शांतता आपल्याला नकारच वाटते. बरेचदा तो माणूस फक्त तुझं उत्तर टाइप करत असतो.

आज एवढं कर. विचारलेले प्रश्न आठवतील तसे वहीत उतरव, जिथे अडखळलीस तिथलं नीट उत्तर लिहून ठेव. पुढच्या फेरीत तसलेच प्रश्न फिरून येतात. मग एचआरला दोन ओळींचा आभाराचा मेल टाक, निकाल कधी कळेल तेही त्यातच विचार. ती तारीख उलटली की एकदा आठवण करून दे. रोज फोन नको, वैताग येतो माणसाला.

अनोळखी नंबर ब्लॉक केले असशील तर काढ, मेलमधलं स्पॅमही बघत जा. मात्र ऑफिसची वेळ संपली की मोबाइल घरी ठेवून आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकडे चक्कर मार, किल्ल्याच्या बाजूने.

आणि हो, 'निवड झाली, आधी डिपॉझिट भरा' म्हणणारा ठगच. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव.

दुसरीकडचे अर्ज थांबवू नकोस.