वाढत्या नेटवर्कचे हब काढले तर ते खरंच लगेच कोसळतं का?

तुमचा प्रश्न असा: बाराबाशी-आल्बर्ट या वाढत्या नेटवर्कच्या मॉडेलमध्ये थोडेसे हब (सर्वांत जास्त जोडण्यांचे नोड, म्हणजे नेटवर्कमधले बिंदू) काढले की सगळं नेटवर्क कोसळतं असं जिथे तिथे वाचायला मिळतं, ते खरं का, आणि नेमके किती काढावे लागतात?

मी इंदूरला इंजिनियरिंगच्या मुलांना हा विषय शिकवतो. त्यांच्या प्रोजेक्टमध्येही हेच वाक्य असतं. ते अर्धंच खरं आहे. प्रत्येक नवा नोड किती जोडण्या घेऊन येतो, यावर उत्तर ठरतं.

मॉडेलमध्ये नोड एकेक करून येतात आणि ज्याच्याकडे आधीच जास्त जोडण्या आहेत त्याच्याशी जुळण्याची त्यांची शक्यता जास्त असते. इंदूरच्या मराठी मंडळींना हे नवीन नाही. नोकरीनिमित्त इथे आलेलं कुटुंब आधी रामबागेतल्या एखाद्या जुन्या घराशी ओळख काढतं, आणि त्या घराच्या ओळखी आणखी वाढतात. म्हणजे जुन्या नोडांकडेच सर्वाधिक जोडण्या साठतात. म्हणून मुद्दाम केलेला हल्ला म्हणजे सर्वांत जुने नोड काढणं, असं धरून गणित करता येतं.

ते गणित वहीत करून बघाच. 10,000 नोड, प्रत्येक नवा नोड 2 जोडण्या आणतो. 100 व्या नोडला सरासरी 2 × √(10,000 ÷ 100), म्हणजे 20 जोडण्या मिळतात. 5,000 व्याला तीनही नाहीत. आता सर्वांत जुन्या नोडांपैकी 'क' एवढा अंश काढला, तर जोडण्यांचा (1 − √क)² एवढा भाग उरतो. 1 टक्का नोड काढले की 19 टक्के जोडण्या जातात, 4 टक्क्यांना 36 टक्के. नुकसान मोठंच आहे, पण नेटवर्क अजून एकसंध आहे. एक तृतीयांश नोड काढल्यावर जेमतेम 18 टक्के जोडण्या उरतात, उरलेल्या नोडमागे सरासरी एकीच्या किंचित वर, आणि तिथे ते तुकड्यांत विखुरतं. बेला बोलोबाश आणि ऑलिव्हर रिऑर्डन यांनी 2003 साली हे काटेकोरपणे सिद्ध केलं: प्रत्येक नोड 'म' जोडण्या आणत असेल, तर सीमा, म्हणजे जेवढा अंश काढल्यावर नेटवर्क विखुरतं तो, (म − 1) ÷ (म + 1). दोनला एक तृतीयांश, तीनला निम्मे. म = 1 असेल तर सीमा शून्य, कारण ते नेटवर्क म्हणजे नुसतं झाड: दोन नोडांमध्ये एकच वाट, दुसरा पर्याय नाही. 'लगेच कोसळतं' हे तिथे अक्षरशः खरं आहे.

मग हा समज पसरला कुठून? 2000 साली आल्बर्ट, जोंग आणि बाराबाशी यांचा 'नेचर'मधला लेख आला. त्यात इंटरनेटच्या प्रत्यक्ष नकाशातले मोजके टक्के मोठे नोड काढताच तो तुटला होता. तो निष्कर्ष त्या नकाशाचा आहे. प्रत्येक वाढत्या नेटवर्कला तो लावता येत नाही.

पण खरोखर लगेच जाते अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे यादृच्छिक (कुठेही, योगायोगाने होणारे) बिघाड सोसण्याची ताकद, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची तीच. सरासरी चार जोडण्यांच्या एर्डोश-रेन्यी नेटवर्कातून (ज्यात जोडण्या निव्वळ यादृच्छिकपणे लावलेल्या असतात) यादृच्छिकपणे निवडलेले 75 टक्के नोड काढले की मोठा गट, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या नोडांचा मुख्य समूह, संपतो. आपल्या वाढत्या नेटवर्कात (म = 2 असताना) अशी सीमाच नाही: यादृच्छिक बिघाड कितीही झाले तरी मोठा गट उरतो, भले तो फार छोटा होत जाईना. ही सगळी ताकद जुन्या नोडांच्या अफाट जोडण्यांतून येते. मारेन एकहोफ आणि पीटर म्योर्टर्स यांनी 2014 मध्ये दाखवलं की सर्वांत जुने नोड अगदी नगण्य प्रमाणात काढले, तरी ही अभेद्यता जाते आणि बिघाडांना सीमा लागू होते. नेटवर्क उभं दिसतं, पण पुढच्या साध्या बिघाडांपुढे ते आता इतर कुठल्याही नेटवर्कासारखंच असतं. म्हणून सिम्युलेशनमध्ये नुसता हल्ला करून थांबू नका. आधी 1 टक्का जुने नोड काढा, मग यादृच्छिक नोड काढत जा, आणि प्रत्येक पायरीला सर्वांत मोठ्या गटाचा हिस्सा मोजा. नोडांमधलं सरासरी अंतर मोजून हे कळत नाही.

खऱ्या इंटरनेटबद्दल लिहिणार असाल तर जपून. जॉन डॉयल आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलं की भरपूर जोडण्यांचे राउटर (इंटरनेटवरची माहिती पुढे पाठवणारी यंत्रं) बहुधा कडेला, ग्राहकांच्या बाजूला असतात. मधल्या वेगवान राउटरना जोडण्या कमीच असतात. तिथे सर्वाधिक जोडण्यांचा राउटर पाडला तर त्याचे ग्राहक तुटतील, बाकीचं नेटवर्क चालू राहील.