सोनं शोधायला निघालात? आधी शिसं खणायची तयारी ठेवा

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले की रविवारी मेटल डिटेक्टरचं मशीन घेऊन ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोजवळच्या रानात सोनं शोधत फिरते, आणि संपादकांकडे पत्रांचा ढीग आला. त्याआधी इथली थंडी, इथल्या भाज्या, व्हिसाची कटकट यावर एवढं लिहिलं तेव्हा कोणी चार ओळी पाठवल्या नाहीत, असो. सगळ्या पत्रांना उत्तरं देणं शक्य नाही म्हणून त्यातली काही निवडलीयत. मी काही एक्स्पर्ट नाही हे आधीच सांगते, आठ वर्षं फिरतेय, अजून हातात एक धड बांगडी होईल एवढं सोनं जमलेलं नाही.

प्रश्न (टार्निट, मेलबर्न): ताई, मला मेटल डिटेक्टर घ्यायचाय. व्हिडिओत सगळे आठ-नऊ हजार डॉलरचं मशीन वापरतात, पण दुकानात दीड-दोन हजाराचं पण मिळतं. मी बायकोच्या अंगठीवर टेस्ट केलं तर स्वस्तवालं पण एकदम जोरात वाजलं. मग महाग कशाला घ्यायचं?

उत्तर: दादा, पहिली चूक अंगठी. अंगठी म्हणजे बंद कडं, त्यात करंट छान गोल फिरतो म्हणून कुठलंही मशीन तिच्यावर ओरडतं, खेळण्यातलं पण ओरडेल. जमिनीतला सोन्याचा खडा असतो वेडावाकडा, बारीक, कधी गारगोटीत अडकलेला, आणि तेवढ्याच वजनाचा असून त्याचा आवाज अंगठीच्या मानाने काहीच नसतो. टेस्ट करायचीच असेल तर शिशाचा एक छर्रा घ्या, मातीत चार बोटं पुरा आणि मग बघा.

आता महाग-स्वस्तचं. स्वस्त मशीन बहुतेक व्हीएलएफ प्रकारचं असतं, म्हणजे ते सतत सिग्नल सोडतं आणि त्याच वेळी ऐकत पण असतं. आमच्या व्हिक्टोरिया राज्यातली सोन्याची जमीन म्हणजे लाल, लोखंडाने भरलेली, आपल्या कोकणातला जांभा आठवा, तशा जमिनीवर हे मशीन मातीलाच धातू समजून कलकलाट करतं. महागडी बहुतेक पल्स इंडक्शनची, ती सिग्नलचा एक ठोका देतात, थांबतात, आणि त्या थांबलेल्या वेळात धातूकडून काय परत येतं ते ऐकतात, मातीचा आवाज तोवर बराचसा विरून गेलेला असतो. म्हणून ती खोल जातात. मिनलॅब ही कंपनी ॲडलेडचीच, आणि त्यांचं 1990 च्या दशकातलं एसडी मालिकेचं मशीन आलं तेव्हा संपलेल्या म्हणून सोडलेल्या रानांतून लोकांनी पुन्हा सोनं काढलं ते याच कारणाने. स्वस्तवालं टाकाऊ आहे असं नाही हं, उथळ जमिनीत, जिथे खाली लगेच दगडाचा थर लागतो तिथे बारीक बारीक कण ते छान पकडतं.

माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी काहीच विकत घेऊ नका. तिकडच्या गावांमध्ये मशीन दिवसाच्या भाड्याने मिळतं, आणि दुकानवाले अर्धा तास उभं राहून शिकवतात पण. दोन-तीन वीकेंड करून बघा. निम्मे लोक दुसऱ्या वीकेंडलाच गळतात, मग तेच मशीन सेकंडहँड विकायला येतं, ते घ्या. आणि वहिनींना अंगठी परत करा.

प्रश्न (बॉक्स हिल, मेलबर्न): परवाना लागतो का? की कुठेही जाऊन खणलं तर चालतं? सापडलेलं सोनं सरकारला द्यावं लागतं का?

उत्तर: लागतो. त्याला माइनर्स राइट म्हणतात, ऑनलाइन मिळतो, तीस डॉलरच्या आसपास आणि तो 10 वर्षं चालतो. सापडलं ते तुमचं. या कागदाचा इतिहास मला फार आवडतो. 1851 मध्ये इकडे सोन्याची धावपळ सुरू झाली तेव्हा खाणकऱ्यांना दर महिन्याला 30 शिलिंग भरून लायसन घ्यावं लागायचं, सोनं मिळो न मिळो, आणि पोलीस लायसन तपासायला येऊन पकडापकडी करायचे. शेवटी बॅलरॅटला लोकांनी लायसनं जाळली, लाकडांची तटबंदी उभी केली आणि 3 डिसेंबर 1854 ला पहाटे सैनिकांनी ती मोडून काढली, त्यालाच युरेका स्टॉकेड म्हणतात. त्यानंतर 1855 मध्ये लायसन गेलं आणि वर्षाला एक पौंडाचा माइनर्स राइट आला. म्हणजे आज आपण मोबाईलवर दोन मिनिटांत काढतो त्या कागदासाठी माणसं मेलीयत.

कुठे चालतं: सरकारी मोकळी जमीन, बरीचशी स्टेट फॉरेस्टं. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी हवी. नॅशनल पार्कात नाही, फक्त मोजक्या ठिकाणी सूट आहे. कोणाचं चालू मायनिंग लायसन असलेल्या जागेवर नाही. आदिवासींच्या वारशाच्या जागांना आणि जुन्या अवशेषांना हात लावायचा नाही. फक्त हाताची हत्यारं, झाडांची मुळं तोडायची नाहीत आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा, हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं कारण न बुजवलेल्या खड्ड्यात कांगारूचा पाय मोडतो आणि आपल्या सगळ्यांचं नाव खराब होतं. सरकारची जिओविक नावाची नकाशाची साइट आहे, घरून निघायच्या आधी त्यावर जमीन कोणाची आणि जुनी खोदकामं कुठे ते दोन्ही बघून घ्या. बाकीच्या राज्यांचे नियम वेगळे आहेत, इकडचा कागद तिकडे चालत नाही.

प्रश्न (बेंडिगो, विद्यार्थी): मावशी, मित्राचं मशीन घेऊन मी मोलियागुलला तीन रविवार गेलो. नुसते खिळे आणि शिसं. मशीन खराब असेल का? की तिथलं सगळं सोनं संपलंय?

उत्तर: अरे, शिसं सापडतंय ना? मग मशीन ठणठणीत आहे आणि तू पण बरोबर करतोयस! शिशाचा आणि सोन्याचा आवाज अगदी सारखा येतो, कुठलंही मशीन त्यातला फरक खात्रीने सांगू शकत नाही. "हे शिसंच असणार" म्हणून ज्या दिवशी तू एक सिग्नल सोडशील तोच नेमका खडा असेल. सगळं खणायचं.

आणि मोलियागुललाच तर 5 फेब्रुवारी 1869 ला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स या दोघांना झाडाच्या मुळांपाशी वेलकम स्ट्रेंजर नावाचा सोन्याचा खडा सापडला, जमिनीखाली फक्त इंच-दीड इंच. 70 किलोच्या वर सोनं, म्हणजे आपल्या भाषेत सहा हजार तोळे. डनॉलीच्या बँकेत वजनकाटा पुरेना म्हणून लोहाराच्या ऐरणीवर फोडून मोजावं लागलं. त्यानंतर शंभरावर वर्षं लोक त्या भागात फिरत होते, आणि तरी 1980 मध्ये जवळच किंगोवरला एका माणसाला मेटल डिटेक्टरने 27 किलोचा हँड ऑफ फेथ नावाचा खडा मिळाला, हातभर सुद्धा खोल नव्हता. तेव्हा संपलंय म्हणू नकोस, पण तुला 27 किलो मिळेल असंही म्हणू नकोस.

आता तुझं चुकत काय असेल ते सांगते. एक म्हणजे स्पीड. पोरं झाडू मारल्यासारखं कॉइल, म्हणजे मशीनच्या टोकाची चकती, फिरवतात. डावीकडून उजवीकडे एक फेरा चार-पाच सेकंदांचा हवा, आणि कॉइल जमिनीला जवळजवळ घासत, दोन्ही टोकांना वर न उचलता. दुसरं, हेडफोन लाव. मशीनमधून सतत एक बारीक गुणगुण येत असते, मागे तंबोरा लावल्यासारखी, आणि सोनं म्हणजे त्या सुरात किंचित फुगवटा, बस. खणखणीत वाजतो तो बहुतेक पत्र्याचा डबा. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाक, आणि लोखंडी टोकाचे बूट घालून जाऊ नकोस, मी पहिल्या दिवशी स्वतःच्या बुटासाठी चार खड्डे खणले होते.

तिसरं म्हणजे सिग्नल आल्यावर काय करायचं ते. आधी बुटाने वरची माती इंचभर सरकव. आवाज गायब झाला तर तो मातीचाच होता. तिथेच राहिला किंवा वाढला तर खण. माझा पहिला खडा असाच, डनॉलीच्या बाहेर, ऑगस्टात, म्हणजे इथल्या थंडीत, हात गारठलेले. दोन इंच खणलं, आवाज वाढला. अजून दोन इंच, आवाज खड्ड्यातून गायब आणि बाहेरच्या ढिगाऱ्यात. टिकावाच्या दांड्याला चुंबक चिकटवलाय तो फिरवला, काही लागलं नाही, म्हणजे खिळा नव्हे. मग प्लॅस्टिकच्या स्कूपमध्ये मूठ मूठ माती घेऊन कॉइलवरून फिरवायची, वाजली की अर्धी टाकून द्यायची, उरलेली परत फिरवायची, परत अर्धी, असं करत करत तळहातावर चिमूटभर चिखल उरला आणि तो चिखलच वाजत होता. फुंकर मारली, थुंकी लावली (कोणाला सांगू नकोस) आणि अंगठ्याने चोळलं तर पिवळं. मुगाच्या दाण्याहून किंचित बारीक पण हाताला चक्क जड लागला, घरी येऊन मोजला तर 0.4 ग्रॅम, तीन गुंजांच्या जरा वर. आमचे हे म्हणाले, पेट्रोल किती जळलं?

त्याआधी मी किती शिसं खणलं होतं माहितीये? बरणीत ठेवलंय, एक किलोच्या वर.

आणखी एक, जागा बदल. प्रसिद्ध जागेपेक्षा जुन्या खाणकऱ्यांनी जिथे उथळ खणलंय तिथल्या कडेला जा, त्यांनी उपसलेल्या मुरमाच्या ढिगांवरून, ओहोळाच्या वरच्या उतारावरून. त्यांच्या डोळ्यांना न दिसलेलं तिथे राहिलंय. आणि एकाच एका तुकड्यावर पूर्ण दिवस घालव, इकडे थोडं तिकडे थोडं करू नकोस.

प्रश्न (जिलाँग): मुलं सहा आणि नऊ वर्षांची आहेत. त्यांना घेऊन जावं का? सापांची भीती वाटते.

उत्तर: उन्हाळ्यात अजिबात नाही. ब्राऊन स्नेक असतात, आगीचा धोका असतो आणि ऊन तर असं की मशीनपेक्षा पाणी जास्त वाहावं लागतं. मे ते सप्टेंबर बरं. पण मला सापांपेक्षा शाफ्टची भीती जास्त वाटते, जुन्या खाणींचे विहिरीसारखे खड्डे, कठडा नाही, वर गवत, कडा आतून पोखरलेल्या. मशीन फिरवताना माणूस खाली बघत मागे मागे सरकतो, ती सवय पहिल्यांदा सोडा. रेंज बऱ्याच ठिकाणी नसते म्हणून कुठे चाललोय ते घरी सांगून निघा, आणि साप चावला तर दाबून बांधायचं क्रेप बँडेज गाडीत नको, अंगावर हवं. दगड फोडून सोनं काढणाऱ्या जुन्या गिरण्यांच्या वाळूत आर्सेनिक असतं, तिथली माती मुलांना खेळायला देऊ नका, जेवणाआधी हात धुवा.

मुलांना मजाच हवी असेल तर बॅलरॅटच्या सॉव्हरेन हिलला न्या. तिथल्या ओढ्यात पाटीत वाळू घोळून खरे सोन्याचे कण मिळतात. ते त्यांनीच टाकलेले असतात पण हे मुलांना सांगू नका.

प्रश्न (सिंधुदुर्ग): आमच्याकडे व्हाळाच्या वाळूत सोन्यासारखं चमचमतं. मशीन आणून बघू का?

उत्तर: ते अभ्रक असणार हो. सोपी परीक्षा सांगते, सावलीत घेऊन जा. अभ्रक उन्हात तिरकं धरलं की चमकतं आणि सावलीत विझतं, सोनं सावलीतही तेवढंच पिवळं दिसतं. टाचणीने दाबा, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, सोनं नुसतं दबतं. पाण्यात हलवलं की अभ्रक तरंगत निघून जातं आणि सोनं तळाला बसतं, पाण्याच्या 19 पट जड आहे ते. आपल्याकडे सराफांच्या दुकानातली राख-धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी याच तत्त्वावर पोट भरायचे, त्यांना कुठलं मशीन होतं?

प्रश्न (सातारा जिल्हा): आजोबांच्या पडक्या वाड्यात सोनं पुरलंय असं घरात सगळे म्हणतात. जवळ किल्ला पण आहे. तुमचं मशीन भारतात आणलं तर भाड्याने द्याल का?

उत्तर: नाही. किल्ल्याचं नाव तर काढूच नका, संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे, आणि लोकांनी गुप्तधनाच्या नादात आधीच किती चौथरे उकरून ठेवलेत ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. वाड्याचं म्हणाल तर आपल्याकडे 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, मग वाडा आजोबांचा का असेना. दहा रुपये 1878 चे हं, त्यानंतर कोणी तो आकडा बदललेला नाही, आज तेवढ्यात धड चहा पण येत नाही.

आणि एक विचारते, "पुरलंय" असं सांगणारा कोणी बाबा किंवा मांत्रिक मध्ये आहे का? असेल तर त्याला आधी घराबाहेर काढा. वाड्याच्या भिंतींची डागडुजी करायची असेल तर ती करा, जोत्याला हात लावाल तेव्हा काही निघालंच तर फोटो काढा, जागेवरच ठेवा आणि तलाठ्याला बोलवा.