शंभर वर्षं जुनी म्हणून लायसन नको? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या बंदुकांच्या लिलावावर दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. त्यात नवल नाही म्हणा, आमच्या ग्वाल्हेरकडे वरातीत नवरदेवाच्या काकाच्या खांद्यावर दुनळी दिसली नाही तर लोक विचारतात तब्येत बरी आहे ना त्यांची. पाच प्रश्न घेतलेत. नावं मुद्दाम छापत नाहीये, कोणाच्या घरात काय टांगलंय हे गावाला कळायची गरज नाही.

प्रश्न: काका, मुंबईच्या एका लिलावाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये टोपीदार (तांब्याच्या छोट्या टोपीने बार पेटणारी) एनफिल्ड, म्हणजे इंग्रजी फौजेची जुनी बंदूक, बघितली. खाली लिहिलंय १८५७ च्या काळातली, अँटिक, शोभेसाठी. आमचे खापरपणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते, दिवाणखान्यात लावायची फार इच्छा आहे. एक ओळखीचे म्हणतात शंभर वर्षांपेक्षा जुनी असली की लायसन लागत नाही. खरंय का? (लष्कर, ग्वाल्हेर)

नाही, खोटं आहे, आणि हे खोटं मी बाड्यावर, आमच्या इथल्या चौकात, चहा पिताना वर्षातून दहा वेळा तरी ऐकतो. शंभर वर्षांचा आकडा आहे तो वेगळ्याच कायद्यातला, पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा, त्याचा लायसनशी काही संबंध नाही. आणि हल्ली यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून पोरं सांगतात की १८९८ पर्यंत बनलेली असेल तर ती अँटिक, मोकळी. असेल, तिकडे आहे तसं. आपल्याकडे वर्षाची अशी रेषाच नाही. आपला आर्म्स ॲक्ट १९५९ चा, त्याचं कलम ४५ बघा, त्यात जुन्या घडणीच्या किंवा पुराणमूल्य असलेल्या हत्याराला सूट आहे पण कधी, तर ते बंदूक म्हणून चालूच शकत नसेल, आणि दुरुस्त करूनही चालणार नसेल तेव्हा. हे 'दुरुस्त करूनही' लोक वाचतच नाहीत.

आता तुमची एनफिल्ड घ्या. नळी शाबूत, घोडा ओढला की टक्कन पडतो, फक्त टोपी बसते ती निपल झिजलीये. निपल बदलायला कारागिराला किती वेळ लागतो, चहा निवायच्या आत होतं ते काम. मग ही न चालणारी कशी म्हणायची? शेतात रानडुकरं हाकलायची ठासणीची बंदूकसुद्धा लायसनवर असते, तर ही त्यातून कशी सुटेल. म्हणून लिलाववाल्यांना ईमेल करा, लेखी विचारा की हा लॉट तुम्ही कशाच्या आधारावर विकताय, लायसनवर की निकामी केलेली म्हणून, आणि निकामी असेल तर कोणी केली, कुठे केली, त्याचा कागद कुठंय. 'शोभेसाठी' हा शब्द पोलीस थान्यात चालत नाही. उत्तर गोलमोल आलं तर तो लॉट सोडा, बाकी कॅटलॉग पडलाय.

कागद नीट निघाला असं धरून चला, मग वस्तू बघा. १८५३ च्या पॅटर्नची एनफिल्ड म्हणजे .५७७ इंचाची नळी आणि आत तीन आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा. लिलावाच्या आधी माल बघायचा दिवस असतो त्या दिवशी टॉर्च घेऊन जा आणि नळीत बघा. आतून गुळगुळीत निघाली तर लगेच नकली म्हणू नका, बंडानंतर इंग्रजांनी देशी शिपायांना आटे असलेली रायफल द्यायची बंद केली, दिसायला एनफिल्डच पण आतून सपाट अशी बंदूक दिली, की लांबवर नेम लागायला नको. आपल्याकडे सापडतात त्यातल्या पुष्कळ ह्याच. म्हणजे माल खरा, पण १८५७ चा नाही, नंतरचा, आणि कॅटलॉगवाला १८५७ लिहून त्याचेच जास्त पैसे मागतोय.

दुसरं, घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवरचे छाप. ईस्ट इंडिया कंपनीचं जुनं चिन्ह बदामाच्या आकाराचं, आत चार अक्षरं, ते १८०८ च्या सुमारास गेलं आणि त्याजागी सिंह आला. बाजारातले हुशार लोक आजकाल बदाम कशावरही ठोकतात, टोपीदारवर पण. १८५३ च्या पॅटर्नवर बदाम दिसला की समजायचं, ठोकणाऱ्याला तारखा माहीत नव्हत्या.

हसू नका, मी स्वतः असाच फसलोय. बरीच वर्षं झाली, एका लिलावात (नाव नाही सांगणार) मार्टिनी हेन्री, इंग्रजी फौजेचीच जुनी रायफल, घेतली, नळीला भोक पाडून बंद केलेली, कागद अगदी चोख, लायसनची भानगड नव्हती, त्या आनंदात बाकी काही बघितलंच नाही. घरी आणून पुसायला घेतली तर पट्टीवर मुकुट, खाली व्ही आर, म्हणजे व्हिक्टोरिया राणी, आणि त्याच्या खाली साल १९०४. राणी तर जानेवारी १९०१ मध्येच गेली. मग चष्मा लावून नीट बघितलं तर एनफिल्ड शब्दातला एन उलटा कोरलेला, आरशात दिसतो तसा. सरहद्दीकडच्या, आता पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेलच्या कारागिराचं काम. ते लोक इंग्रजी अक्षर वाचत नाहीत, चित्रासारखं उतरवतात. हात काय बारीक आहे म्हणून सांगू, आणि अशा नकलांचे शौकीनसुद्धा असतात, पण त्यांचा भाव वेगळा आणि मी अस्सलचा भाव मोजून आलो होतो, दोन महिन्यांचा पगार. बायको एवढंच म्हणाली, एन सरळ असता तर काय झालं असतं? मला अजून उत्तर सुचलेलं नाहीये.

आणि हो, मार्टिनीच्या पुढे 'दुर्मिळ' लिहिलेलं दिसलं तर पान उलटा. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातून २००३ मध्ये हजारोंनी जुन्या रायफली अमेरिकेत गेल्यात, स्नायडर, मार्टिनी, सगळं. दुर्मिळ असेल तर ती चांगल्या अवस्थेतली.

प्रश्न: आमच्या बाबांची हॉलंड अँड हॉलंडची डबल रायफल आहे, नळीवर .४६५ लिहिलंय. बाबा दीड वर्षापूर्वी गेले. लायसन त्यांच्याच नावाने होतं. भाऊ परदेशात असतो, तो म्हणतो लंडनच्या लिलावात पाठवून दे, चांगले पैसे येतील. रायफल सध्या कपाटात आहे, कुलूप लावलेलं आहे. (दांडिया बाजार, वडोदरा)

ताई, लिलाव राहू द्या बाजूला, आधी ती कपाटातून काढा. बाबा गेले त्याच्याबरोबर त्यांचं लायसन पण गेलं, आता ती तुमच्या ताब्यात बिनालायसनची आहे, कुलूप कितीही मोठं असलं तरी. मृत्यूचा दाखला आणि लायसनचं पुस्तक घ्या, थान्यात जा किंवा लायसन असलेल्या आर्म्स डीलरकडे, आणि जमा करा. एवढे दिवस का लावले असं विचारतील, विचारू द्या, खरं ते सांगा, जोडीला एखादा ओळखीचा वकील असला तर बरं. पावती घेताना मात्र नुसतं 'एक रायफल' लिहून देतील ते चालवून घेऊ नका. बनवणाऱ्याचं नाव, नंबर, बोअर म्हणजे नळीचं माप, दोन नळ्या, पेटी असेल तर पेटी, दस्त्यावर ओरखडे किती हे सगळं लिहून घ्या आणि फोटो काढा. जमा केलेल्या मालाची चामड्याची पेटी नंतर सापडत नाही, असं मी दोनदा बघितलंय, आणि अशा रायफलीत पेटीचे पैसे वेगळे असतात.

मग वारस म्हणून तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या नावाने लायसनचा अर्ज करता येतो, त्याला नियमात जागा आहे. फक्त २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका, आधी तीन होत्या, आणि वारशाने आलेली पण ह्याच दोनात मोजतात. ज्यांच्या नावावर अर्ज करताय त्यांच्याकडे आधी काय आहे ते बघून घ्या.

लंडनचं म्हणाल तर भावाला सांगा एवढं सोपं नाही ते. रायफल शंभर वर्षांची झाली असेल तर १९७२ चा कायदा इथे आडवा येतो, पुराणवस्तू ठरली तर खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेताच येत नाही, आणि ठरते का नाही ते पुरातत्त्व खातं सांगणार, तुमचा भाऊ नाही. शंभरच्या आतली निघाली तरी हत्यार एक्सपोर्ट करायच्या परवानग्या आहेतच. वय कसं कळणार, तर नंबरावरून. ह्या जुन्या इंग्रजी कंपन्यांच्या विक्रीच्या वह्या शाबूत आहेत, नंबर कळवला की कधी बनवली आणि पहिल्यांदा कोणी घेतली ते सांगतात. तिथे एखाद्या संस्थानिकाचं नाव निघालं तर भावात पुष्कळ फरक पडतो. आणि विकायलाच असेल तर इथेच विका की, लायसनवाल्याला, डीलरमार्फत. ऐंशीच्या दशकापासून बाहेरच्या बंदुका आणणं सामान्य माणसाला जवळजवळ बंदच झालंय, म्हणून आधी आलेल्या चांगल्या इंग्रजी रायफलींना घरबसल्या गिऱ्हाईक आहे.

तुम्ही विचारलं नाही पण ४६५ हा आकडा असा विचित्र का, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आधी शिकारीची मोठी रायफल .४५० ची असायची. १९०७ च्या सुमाराला सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० वर बंदी घातली, कारण मार्टिनीची गोळी त्याच मापाची आणि ती बंडखोरांच्या हाती जाईल ही भीती. झालं, विलायतेतले सगळे बंदूकवाले नवीन मापं काढायला बसले, कोणी ४७० काढली, कोणी ४७५, हॉलंडने ४६५. म्हणजे तुमच्या बाबांच्या कपाटात जो आकडा आहे तो सरकारच्या धसक्यातून आलेला आहे.

प्रश्न: पहिल्यांदाच बोली लावतोय, निकामी केलेली स्नायडर रायफल आहे. अंदाज दोन ते अडीच लाख दिलाय. माझ्याकडे अडीच आहेत. लावू का अडीचपर्यंत? (राजवाड्याजवळ, इंदूर)

नका लावू. हातोडा पडतो तो आकडा म्हणजे बिल नाही. त्यावर लिलाववाल्यांचं प्रीमियम, समजा वीस टक्के, मग जीएसटी, मग पॅकिंग आणि गाडीभाडं. दोन लाखाला हातोडा पडला तर चाळीस हजार तिथेच वाढले, टॅक्स वेगळाच. तुमची बोली पावणेदोनच्या आसपास थांबली पाहिजे. आकडा आधी कागदावर लिहा, तो कागद घरच्यांच्या हातात द्या आणि त्यांना शेजारी बसवा. प्रीमियम किती ते अटींमध्ये बारीक अक्षरात असतं, वाचून घ्या.

प्रश्न: लिलावात थ्री नॉट थ्री घेता येईल का? माझ्याकडे ३१५ चं लायसन आहे, दोन्ही सारख्याच दिसतात. (मुरार, ग्वाल्हेर)

दिसतात सारख्या, कारण आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची ३१५ मुळात त्याच लीएनफिल्डच्या घडणीवर बेतलेली आहे. पण .३०३ हा प्रोहिबिटेड बोअर, लष्करी काडतूस, त्याचं लायसन दिल्लीहून गृहमंत्रालय देतं आणि तुम्हाला मला देत नाही. इंग्रजांनी सुद्धा लोकांच्या हातात फौजेचं काडतूस नको म्हणूनच ही वेगळी मापं चालू केली. निकामी केलेली .३०३ भिंतीवर लावायची असेल तर पहिल्या पत्राचं उत्तर वाचा, तेच.

प्रश्न: आजोळच्या वाड्यात माळ्यावर एक तोडेदार (जळत्या वातीने बार पेटणारी) बंदूक मिळाली, गंजलेली, काळी पडलेली. लिलावाला द्यायच्या आधी घासून चकचकीत करून घेऊ का? पितळेला ब्रासो लावलं तर चालेल? (दौलतगंज, ग्वाल्हेर)

हात लावू नका! तो काळेपणा म्हणजेच पैसे. ब्रासोने पितळ लखलखतं पण त्याच्याबरोबर कोरीव काम पण बोथट होतं, आणि जाणकार गिऱ्हाईक आधी तिथेच बघतं, कडा धारदार आहेत का गोल झाल्यात. मऊ कपडा, थोडं मशीनचं तेल, लाकडाला हवं तर अळशीच्या तेलाचा एक हलका हात, बस. पॉलिश पेपर घरात असेल तर लपवून ठेवा.

पण त्याच्या आधी एक बघा आणि हे गंमत म्हणून सांगत नाहीये. माळ्यावरची ठासणीची बंदूक भरलेली असू शकते. शेवटी जो कोणी शिकारीला गेला असेल आणि जनावर दिसलं नसेल, त्याने ती तशीच भरलेली आणून टांगली असेल, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनी पण पेटते. नळीचं तोंड कोणाकडे करू नका, स्वतःकडे तर नाहीच. एक लाकडी काठी घ्या, लोखंडी सळई नको, ती हळूच टेकेपर्यंत आत सोडा, ठोकायचं नाही, आणि नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलने खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा, खूण तोंडाशी धरून. काठीचं टोक मागे रंजकाच्या कानापर्यंत (दारू पेटवायचं बारीक भोक) पोचलं तर नळी रिकामी आहे. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे, गांधीलमाशीचं घर असेल, चिंधी असेल, नाहीतर दारू आणि गोळी असेल. ते काय आहे ते आपण काढून बघायचं नाही, कानात पाणी, तेल काही ओतायचं नाही. बंदूक आहे तिथेच आडवी ठेवा, पोरांना खाली पाठवा आणि थान्यात फोन करा. तसंही माळ्यावरच्या ह्या बंदुकीचं त्यांना सांगावं लागणारच आहे.