बचावफळीच्या कोचने घर भाड्याचंच घ्यावं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझी मेल वाचली. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये बचावफळीचा कोच व्हायचंय म्हणतोस, आणि विचारतोस: ‘कॉलेजात एकही स्नॅप, म्हणजे मैदानावरची एकही चाल, खेळलो नाही, मग मला कोच म्हणून कोण उभं करणार?’ विद्यापीठाच्या खेळविभागात मी खेळाडूंच्या अभ्यासाचं बघत असताना हाच प्रश्न अनेकांनी विचारला होता. उत्तर सोपं आहे, म्हणून आधी तेच उरकतो. बचावफळीचा नावाजलेला कोच मॅनी डियाझ कॉलेजात खेळला नव्हता. ईएसपीएनमधली नोकरी सोडून तो फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल कार्यालयात पडेल ते काम करायला गेला. तसाच दुसरा कोच डेव्ह अरांडा, त्याचं खेळणं दुखापतींमुळे शाळेतच संपलं, आणि 2018 मध्ये एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) त्याचा पगार वर्षाला 25 लाख डॉलर केला. तेव्हा देशातल्या कॉलेज फुटबॉलमधल्या कुठल्याही असिस्टंट कोचला एवढा पगार नव्हता. तेव्हा खेळला नाहीस ही अडचण आहे, पण दार बंद नाही.

मला काळजी वेगळीच आहे. तुला सामन्याचा शनिवार दिसतो, साइडलाइनवर हेडसेट लावलेला माणूस दिसतो. ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता कोचच्या हाताखाली काम करणारा, म्हणून लागलास तर तुझ्या वाट्याला येणार ती सामन्यांची फिल्म. समोरच्या संघाचा प्रत्येक प्ले, म्हणजे चाल, थांबवून नोंदायचा: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानावरच्या खुणांच्या ओळीवर), किती टाइट एंड (पुढच्या रांगेच्या टोकाला उभे राहणारे), कुठलं फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी), कोण हललं. मग त्यातून चालींच्या आकृत्यांची कार्डं काढायची, म्हणजे सरावात स्काउट टीम, म्हणजे आपलेच राखीव खेळाडू, तोच संघ असल्यासारखी खेळेल. हे काम कारकुनी वाटतं आणि बरीच मुलं ते कारकुनासारखंच करतात. तू एक कर. प्ले सुरू व्हायच्या आधी फिल्म थांबव, आता काय येणार ते वहीत लिही, मग पुढे चालव. चुकलास तर कशाने फसलास तेही लिही. हे कोणी करायला सांगणार नाही, आणि सगळी बचावफळी सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरने ‘थर्ड अँड सिक्सला (तिसरा डाउन, सहा यार्ड हवेत) हे काय करतात रे?’ असं विचारल्यावर उपयोगी पडेल ते हेच.

दुसरं, शिकवायला शीक. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे हंगामात खेळाडूला आठवड्याला 20 तासच घेता येतात. तू रात्र रात्र बसून शोधलेल्या चाळीस गोष्टींपैकी एकोणीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात चार राहतील. त्या चार निवडणं हीच कोचिंगची अक्कल. माझ्याकडे अभ्यासाला बसणारी मुलं कोणत्या कोचला मानायची सांगू? फळ्यावर कमी लिहिणाऱ्याला. 2024 पासून बचावफळीतल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज ऐकवणारा रेडिओ आला, पण प्ले क्लॉकवर (पुढचा प्ले सुरू करायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की तोही बंद होतो. त्यानंतर फॉर्मेशन बदललं तर मंगळवारी काय शिकवलं होतंस तेवढंच मैदानावर उरतं.

आता खरं सांगायचं ते. या पेशात तुझं भवितव्य तुझ्या कामाइतकंच दुसऱ्याच्या खुर्चीवर अवलंबून असतं. डियाझचंच बघ. तो तेव्हा टेक्सस विद्यापीठाचा बचावफळीचा कोऑर्डिनेटर होता. 7 सप्टेंबर 2013 ला बीवायूने (ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने) टेक्ससविरुद्ध धावून 550 यार्ड काढले, त्यातले 259 एकट्या क्वार्टरबॅक टेसम हिलने. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा. अशा धावण्याच्या चालीत क्वार्टरबॅक एकाच बचावपटूवर नजर ठेवतो आणि तो जागा सोडतोय का ते बघून चेंडू साथीदाराला द्यायचा की स्वतः पळायचं ते ठरवतो. कबड्डीत साखळीतल्या एकाने हात सोडून एकट्यानेच झेप घेतली की चढाईवाला त्याच फटीतून निसटतो, तसंच. दुसऱ्या दिवशी डियाझची कोऑर्डिनेटरची जागा गेली. हंगामाचे दोनच सामने झाले होते! पुढे लुइझियाना टेक, मिसिसिपी स्टेट, मायामी अशी विद्यापीठं. 2018 च्या डिसेंबरात टेम्पलने त्याला हेड कोच केलं आणि तीन आठवड्यांच्या आत, मायामीचा हेड कोच मार्क रिक्ट निवृत्त होताच, तो त्याच्या जागी परतला. 2021 च्या अखेरीस तिथूनही काढलं. मग पेन स्टेट, आता ड्यूक. यात मुलांच्या किती शाळा बदलतात ते तूच मोज. घर विकत घेण्याची घाई करू नकोस, हे मी गमतीत म्हणत नाही.

याच्या अगदी उलट बचावफळीचा कोच बड फॉस्टर. 1987 मध्ये हेड कोच फ्रँक बीमरबरोबर व्हर्जिनिया टेकला आला आणि 2019 च्या हंगामानंतर तिथूनच निवृत्त झाला. खाणकामगाराचा जुना पत्र्याचा जेवणाचा डबा त्याने आपल्या बचावफळीची खूण केला. त्या गावात आजही तो डबा लोकांना ठाऊक आहे. लोक त्याच्या निष्ठेचं कौतुक करतात, करावंच. पण बीमर 2015 पर्यंत खुर्चीत होता, हे विसरू नये. हेड कोच टिकला म्हणून फॉस्टरला टिकता आलं. म्हणून सुरुवातीची वर्षं विद्यापीठाचं नाव किंवा स्टेडियमचा आकार बघू नकोस. हेड कोच कोण आहे, त्याचा करार किती उरलाय, त्याच्या हाताखालची माणसं पुढे कुठे पोचली, एवढं बघ. लहान कॉलेजात लाइनबॅकर (बचावफळीच्या मधल्या रांगेतले खेळाडू) शिकवायला मिळत असतील तर मोठ्या ठिकाणच्या शोभेच्या पदापेक्षा ते घे. जॉर्जियाचा हेड कोच झालेल्या किर्बी स्मार्टनेही डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरकी पहिल्यांदा केली ती व्हाल्डोस्टा स्टेट या लहान ठिकाणी.

पैशांबद्दल आईने विचारलंय. सुरुवातीला फी माफ आणि जेमतेम विद्यावेतन. अरांडाचा आकडा तिला सांगू नकोस, उगाच आशा लागेल.

जानेवारीत फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन असतं. जा, पण व्हिजिटिंग कार्डं वाटत फिरू नकोस. एखाद्या पोझिशन कोचला (एकाच जागेचे खेळाडू शिकवणाऱ्याला) त्याच्याच सामन्यातला एक प्ले विचार, तो अर्धा तास बोलेल. त्याआधी या शनिवारचा कुठलाही सामना घे, पहिल्या तीस स्नॅपची वही कर, अंदाजांसकट, आणि मला पाठव. अंदाज नंतर दुरुस्त केलेले मला लगेच कळतात.

तुझा
काका