भाऊ हॉस्टेलमधून एका गुरूंच्या मंडळात ओढला गेलाय. त्याला बाहेर कसं काढू?

तुम्ही लिहिलंय की भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मंडळात जायला लागल्यापासून घरी फोन करत नाही आणि आई म्हणते, ‘चांगल्या संगतीत आहे, राहू दे.’ ते आईचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले.

आमच्याकडे हे माझे काका म्हणायचे. “पोरगं दारू पीत नाही, पहाटे उठतं, अजून काय पाहिजे?” माझा धाकटा भाऊ पुण्यात हॉस्टेलला होता. रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा मंडळातले सीनियर दादा त्याला जेवायला न्यायचे. जुन्या नोट्स द्यायचे, ताप आला की खिचडीचा डबा आणायचे. गुरूंचं नाव फार नंतर निघालं. मग दिवाळीला घरी जाऊ का, हेही तो दादांना विचारायला लागला. एकदा मी त्याच्या रूमवर गेले, तर ड्रॉइंग शीटच्या कंटेनरमध्ये गुरूंची पोस्टरं गुंडाळलेली आणि सबमिशनची फाइल कोरी. रूममेटनं हळूच सांगितलं, रात्री बारापर्यंत सेवा, चारला उठवतात. झोप तोडली की माणूस वाद घालत नाही, मान डोलावतो. पुढच्या सत्राची फी बाबांनी त्याच्या खात्यावर पाठवली, ती मंडळात गेली आणि तो साधकांच्या फ्लॅटवर राहायला गेला. काकांचं तरी तेच, “हुशार आहे, त्याला कळतं.”

हुशारीचा इथे काडीचा संबंध नाही. 20 मार्च 1995 ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथीयांत एक हार्ट सर्जन होता आणि टोकियो विद्यापीठात फिजिक्स शिकलेला एक जण होता. धर्मही लागत नाही. अमेरिकेत सारा लॉरेन्स कॉलेजात 2010 मध्ये लॅरी रे नावाचा माणूस स्वतःच्या मुलीच्या हॉस्टेलवर येऊन राहिला, तिच्या मित्रमैत्रिणींना मुठीत घेतलं आणि पुढे वर्षानुवर्षं लुबाडलं. 2023 मध्ये त्याला 60 वर्षांची शिक्षा झाली.

आता तुमचं. गुरूंबद्दल वाईट बोलू नका, तो लगेच दादांना जाऊन सांगेल. फी थेट कॉलेजला भरा. रूममेटचा नंबर घेऊन ठेवा. सज्ञान मुलगा ‘मी स्वखुशीनं आलोय’ म्हणाला की पोलीस फारसं काही करत नाहीत. मी फोन सोडला नाही, बोलायचे ते फक्त मॅच आणि घरचं. एके दिवशी त्यानंच विचारलं, “ताई, परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख गेली का गं?” तिथून तो हळूहळू परत आला. काका अजून म्हणतात, आम्ही त्याला चांगल्या मार्गावरून खेचलं, म्हणून त्याचं वर्ष गेलं. त्यांना माझा एकच प्रश्न असतो: त्यानं ‘उद्यापासून येत नाही’ म्हटलं असतं, तर त्या लोकांनी सुखानं जाऊ दिलं असतं का? आईंनाही हेच विचारा.

एक सांगायचं राहिलं, प्रत्येक सत्संग असा नसतो. आमचे आजोबा वारीला जायचे आणि आषाढी झाली की परत शेतावर. दिंडीत त्यांना कुणी घर सोड म्हटलं नाही. तुमचा भाऊ नुसता भजनाला जात असेल, पेपर देत असेल, सुट्टीत घरी येत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.