कोंबड्यांचे ‘हाल’ की ‘हिंसा’?

खानापूरच्या एका वाचकाचा प्रश्न असा: मोठ्या पोल्ट्री शेडांत कोंबड्यांना जे सोसावं लागतं त्यावर कानडी आणि मराठी असं दुहेरी पत्रक काढायचं आहे. कानडी मजकुरात ‘प्राणी हिंसे’ आहे. मराठीत ‘प्राणीहिंसा’ ठेवावं की ‘क्रूरता’? आणि ‘फॅक्टरी फार्मिंग’ला काय म्हणावं?

‘प्राणीहिंसा’ ठेवू नका. रोजच्या कानडीत ‘हिंसे’ म्हणजे छळ, जीव नकोसा होणं. गच्च भरलेल्या बसमध्ये उभं राहावं लागलं तरी ‘हिंसे’ होते. मराठी कानाला ‘हिंसा’ म्हणजे मारणं. ‘म्हणजे चिकन खाऊ नका म्हणताय?’ असं वाचणारा पहिल्याच ओळीला विचारेल. तो प्रश्नही मोठाच आहे, पण तुमचं पत्रक कापण्याआधीच्या जगण्याबद्दल आहे.

‘क्रूरता’ही नको, कारण ती करणाऱ्याच्या मनावर बोट ठेवते. करारावरच्या शेडमध्ये पिल्लं, खाद्य, औषधं कंपनीची. शेड, वीजबिल आणि राबणं शेतकऱ्याचं. एप्रिलमध्ये वीज गेली की पक्षी धापा टाकू लागतात, तेव्हा पाणी मारत धावणारा तोच असतो. त्याला क्रूर म्हटलंत की तो पत्रक घडी करून खिशात घालेल, आणि ते बरोबरच आहे. दोष पद्धतीत आहे.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे ‘हाल’. मूळ अरबी, अर्थ नुसता ‘स्थिती’. तो अजून ‘हालहवाल’मध्ये उरला आहे. एरवी मराठीत हाल म्हणजे वाईटच स्थिती, इतकी की ‘हाल कुत्रं खाईना’. हाल ‘करता’ येतात तसे नुसते ‘होतात’ही, कुणी मुद्दाम केले नसले तरी. इथे तेच हवं आहे. (कानडी ‘हाळु’, म्हणजे नासलेलं, याच्याशी संबंध नाही, ‘हालु’ म्हणजे दुधाशी तर नाहीच.)

मात्र शब्दापाठोपाठ तपशील हवा. व्यवसायातले शब्द ऐकायला मऊ आहेत: ‘गादी पद्धत’ म्हणजे शेडच्या जमिनीवर भाताच्या तुसाचा दोन-तीन इंच थर. ब्रॉयलरला, म्हणजे मांसाच्या कोंबडीला, माणशी म्हणावा तसा ‘पक्षी’ एक चौरस फूट. चाळीसेक ग्रॅमचं पिल्लू ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोच्या आसपास जातं. मांस वाढतं त्या वेगाने पाय भक्कम होत नाहीत, म्हणून ते बहुतेक वेळ बसून राहतं. पाणी पिण्याचा निपल गळला की गादी ओली होते, विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, तळपायाला काळे चट्टे पडतात. गादीची मूठ वळून बघावी: उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ती ओली आहे, तूस हलवून चुना मारायला हवा. वासही उभ्याने घेऊ नये, उकिडवं बसून कोंबडीच्या उंचीवर घ्यावा. शेडच्या वहीत ‘मरतुकी’चा रकाना असतो, लंगडणाऱ्या पण जिवंत पक्ष्याला रकाना नसतो.

अंड्यांच्या कोंबडीचं ‘पिंजरा पद्धती’त आणखी कठीण. तिच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जाळी येते. तुमच्या पत्रकाचा ए-फोर कागद जवळपास ६२४ चौरस सेंटिमीटर आहे. पंख पसरणं नाही, मातीत लोळणं नाही, अंडं घालायला आडोसा नाही. घरच्या डालग्याखाली झाकलेली तलंग, म्हणजे कोवळी कोंबडीसुद्धा सकाळी सुटते आणि उकिरडा उकरते. युरोपीय संघाने साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले.

‘क्लेश’ हा सरकारी शब्द कायद्याच्या नावापुरता ठेवा: प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६०. त्याच्या कलम ११ मध्ये पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं गुन्हा आहे, तेवढं जरूर छापा.

‘फॅक्टरी फार्मिंग’ला ‘बंदिस्त पालन’ म्हणू नका. बंदिस्त शेळीपालन हा पंधरा-वीस शेळ्या नीट सांभाळणाऱ्यांचा शब्द आहे, ते उगाच दुखावतील. ‘कारखानी कुक्कुटपालन’ चालेल. नुसतं ‘कारखाना’ मात्र नको, आपल्याकडे त्याचा अर्थ साखरेचाच.

आणि हाल नेहमी अनेकवचनी: ‘कोंबडीचे हाल होतात’. ‘हाल होतो’ छापू नका.